हेगचा निकाल बडोद्यात बसून कसा वाचावा: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नवख्या वाचकासाठी

युक्रेनची किंवा गाझाची बातमी आली की दांडिया बाजारात चहा पिता पिता कुणीतरी विचारतंच, "हा आंतरराष्ट्रीय कायदा पाळतो तरी कोण?" आमच्या वाचनगटात नवीन येणारे बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आधीच ठरवून वाचायला बसलात तर हाती काही लागणार नाही. हा कायदा जगाची घडी कुठे बसवतो आणि कुठे त्याचा हात पोचत नाही, ही दोन्ही उत्तरं निकालांच्या मूळ कागदांतच असतात आणि ते कागद कुणालाही वाचता येतात. कायद्याची पदवी लागत नाही. बेताचं इंग्रजी, एक वही आणि थोडी चिकाटी पुरते.

पहिली पायरी: संयुक्त राष्ट्रांची सनद राहू द्या, आधी दादरा-नगर हवेली

पाठ्यपुस्तकं व्याख्येपासून सुरू होतात आणि नवखा वाचक तिथेच गळतो. तुम्ही एका खटल्यापासून सुरुवात करा, तोही घराजवळच्या. बडोद्याहून मुंबईच्या गाडीने निघून वापीला उतरलं की सिल्वासा हाकेच्या अंतरावर आहे. त्या भूभागावरून नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल विरुद्ध भारत असा खटला चालला आणि १२ एप्रिल १९६० रोजी त्याचा निकाल लागला. मराठी वाचकासाठी याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही, कारण त्या निकालाच्या मध्यभागी पेशवाईचे कागद आहेत.

हकीकत अशी. दमण पोर्तुगीजांचं, आत दादरा आणि नगर हवेलीही त्यांची, आणि मधला सगळा मुलूख भारताचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि मग नगर हवेली मुक्त केली. दमणहून तिकडे जायला भारताने पोर्तुगीजांना वाट दिली नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं घोषणापत्र दिलं आणि २२ डिसेंबरला भारतावर खटला भरला. या घाईवर भारताने आक्षेप घेतला, पण तो टिकला नाही.

पोर्तुगालचं म्हणणं होतं की १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि त्यानंतर मराठ्यांनी दिलेल्या १७८३ व १७८५ च्या सनदांनी या गावांची मालकी आपल्याकडे आली आणि तिच्याबरोबर जाण्यायेण्याचा हक्कही आला. न्यायालयाने तह वैध मानला. मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक समजून पाळला होता, हे त्यासाठी पुरेसं ठरलं. पण तहाचं सतरावं कलम आणि सनदांची भाषा तपासल्यावर न्यायालय म्हणालं की मराठ्यांनी दिली ती फक्त वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर किंवा सरंजाम. सार्वभौमत्व त्यांनी दिलं नव्हतं. सरंजाम म्हणजे मुलखाचा वसूल, मुलखाचं राज्य नव्हे, हे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सांगावं लागत नाही. हेगमध्ये मात्र ते कागदांवरून सिद्ध करावं लागलं.

निकाल इथे संपत नाही, म्हणून तो शिकण्यासारखा आहे. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नसलं तरी पुढे इंग्रजांनी या गावांवरचा पोर्तुगीजांचा एकहाती ताबा कधी नाकारला नाही, आणि त्यातून त्यांचं सार्वभौमत्व मान्य झाल्यासारखंच झालं, असं न्यायालयाने धरलं. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीतून दोन देशांमध्येच एक प्रथा तयार झाली होती: सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र दर वेळी परवानगी लागायची, म्हणून त्यांच्यासाठी हक्क नाही. आणि १९५४ च्या तणावात भारताने वाट अडवली ती त्या वाहतुकीचं नियमन करण्याच्या आपल्या अधिकारात. त्यामुळे भारताने कायदा मोडला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं.

न्यायालयाच्या संकेतस्थळावर हा निकाल मोफत मिळतो. आधी सारांश वाचा, मग शेवटचा आदेशाचा परिच्छेद आणि मग मधला युक्तिवाद. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर कार्यपद्धतीच्या तपशिलात अडकाल. वहीत तीन गोष्टी लिहा: कोण काय मागत होतं, कशाच्या आधारावर, आणि नेमकं काय मिळालं.

दुसरी पायरी: आता सनद, पण निवडक

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत १११ कलमं आहेत. सगळी वाचू नका. कलम २ आणि ३३ वाचा, मग २५, २७, ५१ आणि ९४. बळाचा वापर व धमकी यांवर बंदी, तंटा शांततेने सोडवण्याचे मार्ग, सुरक्षा परिषदेचे बंधनकारक निर्णय, नकाराधिकार, स्वसंरक्षण, आणि न्यायालयाचा निकाल कुणी मानला नाही तर काय, एवढं या सहा कलमांत येतं. वर्तमानपत्रातल्या बहुतेक वादांचं मूळ इथेच असतं.

ही सनद २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सही झाली. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी मूळ सदस्यांत होता. भारतातर्फे सही करणारे दोघे: ए. रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी. यातले कृष्णम्माचारी १९२७ ते १९४४ बडोद्याचे दिवाण होते. त्यामुळे सनद उघडताना ती अगदीच परक्या घरची आहे असं समजू नका.

कलम २ चं पहिलंच वाक्य सर्व सदस्य देशांच्या सार्वभौम समानतेचं आहे. अनेकांना ते शोभेचं वाटतं. त्यांनी १८७५ चं बडोदं आठवावं. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून महाराज मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. सहा जणांचं मंडळ नेमलं गेलं. तीन इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तसं वाटलं नाही. मतं समसमान पडली, तरी इंग्रज सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं. पुढे १८९१ मध्ये मणिपूर प्रकरणात सरकारने राजपत्रात लिहूनच टाकलं की हिंदुस्थान सरकार आणि संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू नाहीत. आरोप करणारा, न्यायमंडळ नेमणारा आणि त्याचं मत बाजूला सारणारा एकच. १९६० मध्ये हेगला एका वसाहतवादी सत्तेला आपला दावा कागदांनी सिद्ध करावा लागला, आणि खंडपीठावर भारताने नेमलेले न्यायमूर्ती एम. सी. छागलाही बसले होते. हा कायदा बलवानाला पुरता आवरत नाही, हे मला मान्य आहे. पण दुबळ्याला समोर खुर्ची मिळते आणि बलवानाला कारण द्यावं लागतं, हा बदल मोठा आहे, आणि तो बडोद्याच्या माणसाला पटवून द्यावा लागू नये.

तिसरी पायरी: कायदा येतो कुठून

न्यायालयाच्या संविधीचं, म्हणजे त्याचं काम ठरवणाऱ्या मूळ नियमावलीचं, कलम ३८ वाचा. करार, देशांची प्रथा, आणि सर्वत्र मान्य असलेली कायद्याची तत्त्वं हे मुख्य स्रोत. न्यायालयांचे निकाल आणि तज्ज्ञांचं लेखन मदतीला. दादरा-नगर हवेलीचा निकाल पुन्हा उघडा आणि रंगीत पेन्सिलीने खुणा करा: तह कुठे कामी आला, प्रथा कुठे. ही पायरी एका बैठकीत होते.

चौथी पायरी: खटला चालवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला कुणी?

नवख्यांची सर्वांत जास्त गफलत इथे होते. हेगचं न्यायालय आपल्या दिवाणी कोर्टासारखं नाही. तिथे देशाच्या संमतीशिवाय खटला चालत नाही. संमती कधी घोषणापत्रातून येते, कधी एखाद्या करारातल्या कलमातून, तर कधी दोघांनी मिळून त्याच वादापुरती दिलेली असते.

याचंही उदाहरण गुजरातचंच आहे. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या हद्दीवर भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. पाकिस्तान हेगला गेला. भारताने १९७४ च्या आपल्या घोषणापत्राकडे बोट दाखवलं: राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. २१ जून २००० ला न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी आपल्याला अधिकार नसल्याचं सांगितलं. विमान पाडणं योग्य की अयोग्य, यावर एक शब्दही नाही. तेव्हा "भारताला निर्दोष ठरवलं" असं कुणी लिहिलं तर ते चूक, आणि "दोषी ठरवलं" हेही चूक.

मग कुलभूषण जाधव प्रकरणात त्याच दोन देशांचा खटला चालला कसा? तिथे वाट वेगळी होती. परदेशी अटकेतल्या नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्क करता यावा, हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम सांगतं. या कराराला जोडून एक ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) आहे. त्यात सामील देशांमधल्या अशा वादांवर हेगला अधिकार मिळतो, आणि भारत व पाकिस्तान दोघेही त्यात होते. एक दार बंद असताना दुसरं उघडं होतं. म्हणून कुठल्याही खटल्याची बातमी आली की "न्याय कुणाच्या बाजूला" हे विचारण्याआधी "कोणत्या कलमाखाली" हे विचारायची सवय लावा.

पाचवी पायरी: मथळा सोडा, आदेशाचा परिच्छेद वाचा

जाधव खटल्याचा क्रम वहीत उतरवा. मार्च २०१६ मध्ये अटक, एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानी लष्करी न्यायालयाकडून फाशीची शिक्षा, ८ मे २०१७ ला भारताची हेगकडे धाव आणि १८ मे ला शिक्षेला स्थगिती देणारा अंतरिम आदेश. अंतिम निकाल १७ जुलै २०१९ ला लागला. भारतातर्फे हरीश साळवे उभे होते.

त्या दिवशी दोन्ही देशांत "आपण जिंकलो" असे मथळे झळकले. आदेशाचे मुद्दे एकेक करून वाचले की कोडं सुटतं. पाकिस्तानने जाधव यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, वकिलातीला वेळेवर कळवलं नाही आणि भेट नाकारली, म्हणजे करार मोडला, असं १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं. वकिलातीशी संपर्क द्यावा, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा आणि तोवर फाशी थांबावी, हेही सांगितलं. पण शिक्षा रद्द करून जाधव यांची सुटका करावी ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. एकटं विरोधी मत पाकिस्तानने नेमलेल्या न्यायाधीशांचं होतं.

हा आदेश मराठीत एका पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. आमच्या गटात जे हे करतात त्यांना पुढचे निकाल झपाट्याने वाचता येतात. जे नुसतं ऐकतात ते पुन्हा मथळ्यावरच येतात.

सहावी पायरी: निकालानंतर काय झालं, तेही शोधा

"पाळतो तरी कोण" या प्रश्नाला इथे भिडायचं. त्यासाठी कच्छचं रण घ्या. एप्रिल १९६५ मध्ये तिथे लढाई झाली. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला आणि सीमेचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष, भारताने नेमलेले युगोस्लाव्हियाचे बेबलर, पाकिस्तानने नेमलेले इराणचे एंतेझाम. लवाद देईल तो निवाडा बंधनकारक, हे दोन्ही देशांनी आधीच कबूल केलं होतं. १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा आला. पाकिस्तानने मागितलेल्या सुमारे ३,५०० चौरस मैलांपैकी सुमारे दहावा हिस्सा त्याला मिळाला, बाकी भारताकडे राहिला. पण त्या दहाव्या हिश्श्यात कांजरकोट आणि छाड बेट होतं. देशात संतापाची लाट उसळली, कच्छमध्ये सत्याग्रह झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मगनभाई ईश्वरभाई पटेल यांच्या याचिकेवर १९६९ मध्ये निकाल लागला: हे भारताचा प्रदेश देऊन टाकणं नाही, अनिश्चित सीमा निश्चित करणं आहे, त्यामुळे घटनादुरुस्ती लागत नाही. सरकारने निवाडा अमलात आणला आणि रणात सीमेचे खांब उभे राहिले.

लोकमत विरोधात असताना सरकारने तो का मानला? शब्द दिला होता, हे एक. दुसरं, उद्या आपल्याच बाजूने लागलेला निवाडा समोरच्याने मानावा असं वाटत असेल तर आज आपण मोडून चालत नाही. बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीच्या वादात ७ जुलै २०१४ ला लवादाने वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला दिले. भारताने तोही निवाडा स्वीकारला. तो देश आपल्यापेक्षा कितीतरी लहान आहे, हे ध्यानात घ्या.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितक्याच प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. निकाराग्वाने अमेरिकेवर बळाच्या वापराबद्दल भरलेल्या खटल्यात २७ जून १९८६ ला हेगने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेने तो मानला नाही. निकाराग्वा सनदेच्या कलम ९४ प्रमाणे सुरक्षा परिषदेत गेला, तर तिथे अमेरिकेने नकाराधिकार वापरला. पाच कायम सदस्यांपैकी कुणी अडून बसला तर अंमलबजावणी ठप्प होते. ही या व्यवस्थेची खरी जखम आहे, आणि सुरक्षा परिषदेत सुधारणा व्हावी म्हणून भारत इतकी वर्षं आग्रह धरतो त्यामागे ही जखमही आहे. तरी निकाराग्वाचा निकाल वाया गेला असं म्हणू नका. बळाचा वापर आणि स्वसंरक्षण यांवर पुढे झालेल्या प्रत्येक गंभीर वादात त्याचा आधार घेतला जातो.

सातवी पायरी: नावांची गल्लत टाळा

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले वाद ऐकतं: १५ न्यायाधीश, ९ वर्षांची मुदत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवतं. ते १९९८ च्या रोम संविधीतून निघालं, २००२ पासून आहे, आणि भारत त्याचा सदस्य नाही. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध भरलेला खटला पहिल्याकडे आहे. पुतिन यांच्यावरचं मार्च २०२३ चं अटक वॉरंट दुसऱ्याचं.

सल्लागार मत म्हणजे निकाल नव्हे. करारावर सही म्हणजे अनुसमर्थन, म्हणजे देशाने करार पक्का करून स्वतःला बांधून घेणं, नव्हे. महासभेचा ठराव आणि सुरक्षा परिषदेचा बंधनकारक निर्णय यांचं वजन वेगळं.

जाहीरनामा म्हणजे करार नव्हे, हेही लक्षात ठेवा, पण जाहीरनाम्याला कमी लेखू नका. १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा कायद्याने बंधनकारक नव्हता, तरी पुढचे करार त्याच्याच पायावर उभे राहिले. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' यावं म्हणून हंसाबेन मेहता झगडल्या. त्याच पुढे सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. विद्यापीठाचं ग्रंथालय आज त्यांच्या नावाने आहे. संदर्भग्रंथ तिथे शोधा. शहरात राहणाऱ्या वाचकाला मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालयही जवळ पडेल.

आठवी पायरी: हा कायदा आपल्या दारात कसा येतो

राज्यघटनेचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवायला सांगतं आणि कलम २५३ संसदेला करार अमलात आणणारे कायदे करण्याचा अधिकार देतं. कायदा नसेल तेव्हा काय होऊ शकतं, हे १९९७ च्या विशाखा निकालात दिसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात स्वतंत्र कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक नियम घालून दिले. कायदा २०१३ मध्ये आला. अलकापुरीतल्या ऑफिसात आज जी तक्रार समिती बसते तिचा उगम त्या निकालात आहे.

मुलं परदेशी शिकायला निघाली की अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा, शिक्का लागतो, तोही असाच. १९६१ चा हेग करार, भारतात २००५ पासून लागू. पदवीच्या कागदाची आधी राज्यातल्या नेमलेल्या खात्याकडून खातरजमा करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. एजंटला पैसे देण्याआधी एक काम स्वतः करा: करार सांभाळणाऱ्या हेगच्या संस्थेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांची यादी असते, तिच्यात तो देश आहे का आणि भारताशी त्याचा काही आक्षेप नोंदलेला आहे का, ते पाहा. नसलेल्या देशासाठी वकिलातीची वेगळी वाट असते.

गटात वाचणार असाल तर

चार-पाच जण असाल तर १९६० च्याच निकालाकडे परत या आणि वाटणी करा. एकाने पोर्तुगालची बाजू मांडायची, एकाने भारताची. उरलेल्यांनी भिन्नमतं वाचायची, विशेषतः भारताने नेमलेले छागला आणि पोर्तुगालने नेमलेले फर्नांडिस यांची. दोघांनीही भिन्नमत नोंदवलं आहे, दोघेही बहुमतावर नाराज आहेत आणि दोघांचीही कारणं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आपण ज्याच्याशी सहमत नाही त्याचं भिन्नमत आधी वाचा आणि त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता ते वहीत लिहा. मग पुढच्या बैठकीसाठी सध्या चालू असलेला एखादा खटला निवडा आणि पहिल्या पानावर फक्त एवढंच टिपून आणा: न्यायालयाला अधिकार कोणत्या कलमाने मिळाला.